नाव ऐकून आलोय

मष्णू धर्मोजीला फोनवर बोलता येत नव्हतं. मुका नव्हता तो. समोर माणूस असला आणि हातात लोखंडाचा तुकडा असला, की त्या तुकड्याकडं बघत बघत तो चार वाक्यं बोलायचा. त्यातलं एखादं शिवीचं असायचं. पण फोन कानाला लागला की जीभ टाळ्याला चिकटायची. "हां... व्हय... बघतो... या की." संपलं. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहायचा आणि हा फोन ठेवून मोकळा. त्याची बायको मालुबाई म्हणायची, "फोन न्हाय वो तो, इंगळ धरल्यागत धरतासा."

हाताचं काम मात्र असं की बघत राहावं. निपाणीच्या चारी अंगाला साखर कारखाने. गाळप सुरू झालं की रस्त्यानं ट्रॅक्टरमागं जोडीजोडीनं उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात. त्यात मष्णूनं केलेली ट्रॉली लांबून ओळखू यायची. दुसऱ्यांच्या ट्रॉल्या वजनानं मधोमध झोपाळ्यागत वाकायच्या, हिची पाठ ताठ. मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत 'धर्मोजी बंधू, निपाणी' आणि दोन अंगाला दोन मोर.

बंधू म्हणजे मष्णू आणि त्याचा धाकटा भाऊ महादेव. मूळचे सांबऱ्याचे, बेळगावच्या विमानतळाला लागून असलेल्या गावचे. मष्णू उद्यमबागेतल्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकला. नोकरीत जीव रमेना, म्हणून निपाणीला येऊन त्यानं हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. पाठोपाठ महादेव आला. त्याच्या हाताला वेल्डिंग कधी बसलंच नाही. टाका मारायला घेतला की चिकट शेवया पसरल्यागत व्हायचं. पण तोंड! गिऱ्हाईक ज्या गावचं, त्या गावची बोली ह्याच्या जिभेवर. इंडीकडचा शेतकरी फोनवर "यजमान्रु इदारा?" म्हणायचा, की ह्याचं "हौदु री, हौदु" सुरू. मालक आहेत का, एवढंच विचारायला फोन केलेला माणूस फोन ठेवायच्या आत आपल्या म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळं सांगून बसलेला असायचा. "आम्ही दोघं भाऊ," महादेव प्रत्येकाला सांगायचा. "अण्णा शेडवर, मी फोनवर."

वेबसाइट ही त्याचीच हौस. दोन हजार अकराच्या सुमाराची गोष्ट. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याकडनं त्यानं ती करून घेतली. वरती 'सहर्ष स्वागत' ही अक्षरं उजवीकडनं डावीकडं पळायची, कोपऱ्यात एक पणती लुकलुकायची आणि मधोमध फोटो: नव्याकोऱ्या ट्रॉलीवर दोघं भाऊ उभे, महादेवाचा हात मष्णूच्या खांद्यावर, मष्णूचा चेहरा दात उपटायला आणल्यागत. खाली हायवेवरच्या शेडचा पत्ता आणि महादेवाचा मोबाईल नंबर. मष्णूनं ती एकदाच बघितली.

"माझं पोट लई दिसतंय," म्हणाला आणि कामाला लागला.

मग त्या वर्षीचा दसरा आला. मुधोळच्या एका गिऱ्हाइकाला महादेवानं फोनवर शब्द दिला होता, दसऱ्याला दोन ट्रॉल्या नेऊन पूजा करा म्हणून. त्या झाल्या नव्हत्या. आधीच्या चार अर्धवट उभ्या होत्या. मष्णूच्या डोळ्यांना वेल्डिंगची झळ लागून ते लालबुंद झालेले, पाणी गळतंय, आणि मुधोळकर आपल्या पोराबाळांसकट हार-नारळ घेऊन दारात.

"काय बोलून बसलायस रं त्यांस्नी?" मष्णू सगळ्यांच्या देखत ओरडला. "तुझं काय जातंय? तू नुसता फोनवरचा मालक. तोंडाचा धंदा तुझा. आयुष्यात एक टाका तरी धड मारलायस?"

महादेवाचं सगळं बोलणं त्या दिवशी कुठं गेलं कुणास ठाऊक. त्यानं मुधोळकरांच्या पोरांना वडापाव आणून दिला, गाडीपर्यंत सोडलं आणि संध्याकाळच्या एस्टीनं बायकोला, पोरीला घेऊन सांबऱ्याला गेला. दसरा करून येईल, असं मालुबाईला वाटलं. तो आला नाही. मष्णूनंही बोलावलं नाही. दिवाळीनंतर भावकीतली चार माणसं बसली आणि वाटणी झाली. शेड, मशिनी आणि ट्रॉलीचं काम थोरल्याला; सांबऱ्याचं घर आणि रान धाकट्याला. महादेवानं गावात ग्रील-गेटची खरेदी-विक्री करावी, ट्रॉलीत पडू नये. देवघरातल्या समया वाटल्या गेल्या. पाण्याचा हंडा वाटला गेला. वेबसाइट कुणाची, हे कुणी विचारलं नाही. ती ना शेडात दिसत होती, ना रानात.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

फाळक्यावरचं नाव मात्र मष्णूनं बदललं नाही. मालुबाई म्हणाली, "आता बंधू कशाला वो अजून?"

"घरातलं रस्त्यावर कशाला मांडायचं? ट्रॉली गावभर फिरत्या."

पूर्वी नावाखाली महादेवाचा नंबर रंगवायचे. तो पुसला, आणि आपला घालायचा तर लोक विचारणार, का ओ अण्णा, नंबर का बदलला? महादेवअण्णा कुठं हैत? म्हणून त्यानं नंबर घालणंच सोडलं. नुसतं नाव आणि गाव. वेबसाइटचंही तसंच. फोटोत दोघं उभे होते, ते उभे राहू दिले. ती बदलायची म्हणजे फोटो बदलायचा, फोटो बदलायचा म्हणजे आम्ही फुटलो म्हणून जगाला दवंडी द्यायची. आणि त्याहून मोठी अडचण ही की तिची किल्ली, आता लोक पासवर्ड म्हणतात तो, महादेवाकडं. तो मागायचा म्हणजे आधी तोंड उघडायचं.

गिऱ्हाईक तरीही येत राहिलं. जतचं, इंडीचं, पार मंगळवेढ्याचं. शेडच्या दारात चप्पल काढून उभं राहायचं आणि म्हणायचं, "नमस्कार अण्णा. नाव ऐकून आलोय."

ह्या तीन शब्दांवर मष्णू जगला म्हटलं तरी चालेल. दिवसभर काळ्या काचेमागं वाकलेला माणूस, पण हे शब्द कानावर पडले की पाठ सरळ व्हायची. मालुबाईला आतून हाक मारायचा, "च्या टाक गं. पाव्हणं नाव ऐकून आल्यात." पाहुणे आतबाहेर बघत, थोडंसं हसत, आणखी काही न बोलता चहा प्यायचे.

मुलगा आदर्श पुण्याला, चाकणच्या एका कंपनीत. तो सुट्टीला आला की वाद ठरलेला.

"बाबा, ती वेबसाइट बघा तरी एकदा. मोबाईलवर उघडली की अर्धं नाव बाहेर जातंय. पणती फक्त दिसत्या. लोकांना वाटंल धंदा बंद झाला."

"बंद झाला तर ही माणसं वाट चुकून येत्यात व्हय? नाव ऐकून येत्यात."

"आत्ता येत्यात. आता सगळी आधी फोनात बघत्यात आणि मग पायात चप्पल घालत्यात. वर नंबर पण तुमचा न्हाय, काकांचा हाय."

काकांचं नाव निघालं की मष्णू उठायचा. "त्यो काय सांगत असंल गिऱ्हाइकाला, द्येव जाणे. एखाद्याला दुसऱ्याच्या शेडात बी पाठवत असंल. पाठव म्हणावं. माझं नाव हाय."

आदर्श आईकडं बघायचा. आई भाकरीकडं.

मग हायवे रुंद झाला. कडेचं शेड गेलं, त्या जागी पूल चढला. मष्णूनं आतल्या वस्तीत, गल्लीच्या टोकाला एक जुनं तंबाखूचं गोडाऊन भाड्यानं घेतलं. वेबसाइटवर पत्ता पुलाखालचाच राहिला. आदर्श म्हणाला, आता तरी. मष्णू म्हणाला, बघू. आणि बघायची वेळ आली नाही, कारण आतल्या गल्लीतही माणसं येतच राहिली. वाट विचारत, पण येत राहिली. "नाव ऐकून आलोय अण्णा." मष्णूनं एकदा मुद्दाम मालुबाईला आदर्शला फोन लावायला सांगितलं, आणि तिच्या तोंडून निरोप दिला: "सांग त्येला, गल्लीत बी आल्यात म्हणावं."

गेल्या मे महिन्यात महादेव गेला. रानातनं आला, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकला. बेळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मष्णू सांबऱ्याला गेला. खांदा दिला, लाकूड टाकलं. महादेवाची बायको जयाबाई भिंतीला तोंड करून बसली होती. सगळे पांगल्यावर तो अंगणातल्या ग्रीलवर हात फिरवत उभा राहिला. महादेवाच्या दुकानातलं होतं. टाके वाईट होते. मग तो निपाणीला परत आला आणि दोन दिवस अर्धवट ट्रॉलीसमोर बसून राहिला.

पावसाळा म्हणजे ट्रॉलीवाल्याचा सुगीचा काळ. गाळपाआधी ट्रॉली हवी, म्हणून जूनपासनं माणसं यायला लागतात. या वर्षी जून गेला, कुणी आलं नाही. मष्णू म्हणाला, पेरण्या चालल्या असतील. जुलै गेला. म्हणाला, पाऊस लई. ऑगस्टात शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या दोन जुन्या ट्रॉल्या आणि एक मोडका नांगर, एवढंच होतं. मदतीला असलेला गडी जाऊन दुसऱ्या शेडला लागला. जाताना मष्णूच्या पाया पडला, त्यामुळं त्याला शिवीही देता आली नाही. गोडाऊनचा मालक म्हणाला, दिवाळीपर्यंत सांगा, ठेवता का सोडता. आदर्श फोनवर आईला म्हणाला, "बास झालं. दोघं पुण्याला या." मालुबाईनं ते सांगितलं तेव्हा मष्णू गॅसकटरची नळी झटकत म्हणाला, "तिथं जाऊन काय करू? तुझ्या पोराच्या गॅलरीला ग्रील?"

जुन्या गिऱ्हाइकांतला जतचा एकजण त्या दिवसांत ट्रॉलीची कडी तुटली म्हणून आला. बसल्या बसल्या म्हणाला, "अण्णा, आमचा मेव्हणा आलता की ओ गेल्या म्हयन्यात. दोन ट्रॉल्या करायच्या हुत्या त्येला."

"कुठं आलता?"

"इथंच, निपाणीला. माझ्या ट्रॉलीवरचं नाव बघून मोबाईलवर हुडकलं. नंबर लावला तर बंद. पत्त्यावर गेला तर पूल. पुलाखाली म्हशी बसलेल्या. लई येळ थांबला बिचारा. कोणतरी म्हणलं, ते बंद झालं असंल. मग सांगलीकडं करायला दिल्या त्यानं."

मष्णूनं कडीचा टाका पुरा केला. "नंबर बंद?" एवढंच त्यानं विचारलं.

"व्हय की. आधी लागायचा. मी पहिल्यांदा आलो तवा..." जतकर थांबला. चहाच्या कपात बघत म्हणाला, "आधी लागायचा."

मष्णूला ते थांबणं खटकलं. पण उलटून विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

गणपती झाल्यावर एका दुपारी शेडच्या दारात पोरगी उभी राहिली. पाठीला सॅक, चेहरा उन्हानं ओढलेला. मष्णूनं तोंडापुढची काच वर केली. ओळखायला थोडा वेळ लागला. सौम्या, महादेवाची एकुलती एक मुलगी.

"ये की गं," तो म्हणाला. "आईनं धाडलं?"

"आईला सांगून आलो न्हाय, काका." बेळगावकडच्या पोरींगत ती 'आलो, गेलो' असंच बोलायची. ती बसली नाही. वाटेत घोकत आल्यागत एका दमात म्हणाली, "ती वेबसाइट बदला."

"आं?"

"वेबसाइट. पत्ता जुना हाय, नंबर आमच्या आप्पांचा हाय. ती बदला."

मष्णूचं डोकं फिरलं. "आदर्शनं शिकवून धाडलं व्हय तुला?"

"आदर्शदादाशी मी बोललोच न्हाय. काका, आप्पा गेलं. मी बी चाललो आता बेंगळूरला, नोकरी लागलीया. मग फोन कोण उचलणार?"

"कसला फोन?"

"तुमच्या गिऱ्हाइकांचा."

मालुबाई आतनं आली होती. पदराला हात पुसत दारातच थांबली.

"आप्पा गेल्यावर आईनं फोन बंद करून कपाटात ठेवलता," सौम्या सांगत होती. "मागच्या म्हयन्यात मी चालू केलो, तर दिवसभर वाजतोय. इंडीचं, मुधोळचं. ट्रॉली पाहिजे, ट्रॉली पाहिजे. दोघा-तिघांस्नी मी रस्ता सांगितलो, पण त्यांस्नी माझा विश्वास बसंना. आप्पांगत बोलाय मला कुठं येतंय?"

"माझ्याकडं गिऱ्हाईक नाव ऐकून येतंय," मष्णू म्हणाला. आवाज मोठा होता, पण आत काहीतरी ढिलं झालं होतं.

सौम्यानं त्याच्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. "ते आप्पाच सांगायचं त्यांस्नी."

"काय सांगायचा?"

"शेडवर गेलासा की माझं नाव काढू नका म्हणायचे. माझ्याशी बोलला म्हणून सांगू नका. नाव ऐकून आलोय म्हणा. अण्णाला बरं वाटतंय."

गल्लीतनं एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार टोकापर्यंत ऐकू आला.

"प्रत्येकाला?" मालुबाईनं विचारलं.

"प्रत्येकाला, काकू. फोन वाजला की जेवणातनं उठायचे. डाव्या हातानं धरून बोलत अंगणात फेऱ्या मारायचे. कोण विचारलं, तुम्हीच मालक काय, की म्हणायचे, आम्ही दोघं भाऊ. अण्णा शेडवर, मी फोनवर. आई चिडायची. म्हणायची, अवो वाटणी होऊन किती वर्सं झाली."

मष्णू हातातल्या वेल्डिंगच्या काडीकडं बघत होता. "गल्लीतलं शेड त्येला कसं ठावं?" त्यानं विचारलं. त्याला खरं तर दुसरंच विचारायचं होतं, पण तोंडातनं हेच आलं.

"आम्ही आलतो की. इथं नवीन आलासा तवा. मी कॉलेजला होतो. मला घेऊन आले एस्टीनं, म्हणाले रस्ता बघून घ्यायचा हाय, गिऱ्हाइकाला चुकीचं सांगून चालत न्हाय. पुलापासनं चालत आलो. कुठं वळायचं, कुठं मारुतीचं देऊळ, कुठं पिठाची गिरण, सगळं तोंडपाठ करत आले. त्या समोरच्या च्याच्या गाड्यावर उभं राहिलो."

तिनं हात करून दाखवलं. चहाचा गाडा गल्लीच्या पलीकडं होता. दगड टाकला तर लागेल, इतका जवळ.

"मी काय करत हुतो?"

"वेल्डिंग. तोंडावर काच होती. आप्पा लई वेळ बघत उभं राहिले. मी म्हणलो, जाऊया की आत. तर म्हणाले, नको गं, हातात टाका हाय त्याच्या. मधेच हाक मारली तर टाका बिघडतोय."

मालुबाईनं तोंडात पदर कोंबला.

"मी कितींदा म्हणलो, आप्पा, पत्ता तरी बदलूया, मी करतो. म्हणायचे, अण्णाला विचारल्याबिगर कसं करायचं? मग विचारा की म्हणलो. तर म्हणायचे, तो बोलाय लागला की विचारतो. काकांचा नंबर तरी टाका म्हणलो, तर हसायचे. त्येला फोनवर बोलाय येत न्हाय, आलेलं गिऱ्हाईक पळवून लावंल." सौम्या स्वतःही थोडी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "दरवर्षी तेवढी वेबसाइट बंद पडू देत नव्हते. खडेबाजारात जाऊन स्वतः पैसे भरून यायचे."

मष्णूनं काच तोंडावर ओढली आणि ट्रॉलीवर वाकला. सौम्या आणि मालुबाई वाट बघत राहिल्या. ठिणगी उडाली नाही. मशीन नुसतं घुमत होतं, आणि काचेच्या मागं माणूस काडी हातात धरून तसाच उभा होता.

मग काच वर करून तो म्हणाला, "फोन दे मग माझ्याकडं. मी उचलतो."

"आई देत न्हाय. आप्पांचा आवाज हाय त्यात, फोटो हैत. उशाला घेऊन झोपत्या. पण वाजला की उचलत न्हाय. कोणतरी महादेवअण्णा हैत काय विचारतंय, आणि तिला काय सांगावं कळत न्हाय. तसाच वाजत राहतोय." तिनं सॅकमधनं एक कागद काढून लोखंडाच्या टेबलावर ठेवला, पासवर्ड लिहिलेला. वर एक नट ठेवला, उडू नये म्हणून. "म्हणून म्हणतो काका, बदला. मी गेल्यावर ती एकटी हाय. तिच्यानं न्हाय व्हायचं."

मालुबाईनं जेवल्याशिवाय तिला सोडलं नाही. मष्णूनं तिला स्टँडवर नेऊन बसवलं. एस्टी हलताना त्यानं खिडकीच्या गजाला हात लावला, तेवढंच.

आदर्शनं सगळं नव्यानं केलं. मोबाईलवर नीट उघडतं, नकाशावर बोट ठेवलं की थेट गल्लीच्या टोकाला आणून सोडतं, कन्नडमध्येही वाचता येतं. ट्रॉल्यांचे चांगले फोटो घातले. पळती अक्षरं गेली, पणती विझली. शेवटी त्यानं विचारलं, "बाबा, तुमचा नि काकांचा जुना फोटो काढून टाकू काय? लोक विचारतील दुसरं कोण म्हणून."

"ऱ्हाऊ दे."

"विचारतील की."

"विचारू देत. सांगंन मी."

फाळकं रंगवणारा आला, तेव्हा म्हणाला, "अण्णा, आता नंबर बी घालूया काय? सांगा." मष्णूनं घडाघडा दहा आकडे सांगितले. पेंटरनं निम्मे रंगवलेही. मग मष्णूचं लक्ष गेलं. तो महादेवाचा होता. स्वतःचा त्याला पाठ नव्हता. तो मालुबाईला विचारावा लागला. पेंटरनं रॉकेलच्या बोळ्यानं आकडे पुसले, तरी लाल रंगावर त्यांचा पिवळा डाग राहिला. त्याच्यावरच नवे आकडे बसले.

पहिला फोन मंगळवेढ्याहून आला. मष्णूनं तो दोन्ही हातांनी धरला. मालुबाई समोर उभी राहून खुणावत होती, बोला, बोला.

"हां... व्हय. धर्मोजीच." मग बराच वेळ पलीकडचा बोलत होता. "महादेवअण्णा? न्हाय... त्यो..." मष्णूनं घसा खाकरला. "माझा धाकटा भाऊ. मे म्हयन्यात गेला." पुन्हा पलीकडचं बोलणं. "व्हय. लई ग्वाड बोलायचा. मला न्हाय येत तसं. तुम्ही या. ट्रॉली चांगली करून देतो."

माणूस आला. त्याच्यामागनं आणखी आले. गडी परत आला. दिवाळीला गोडाऊनच्या मालकाला मष्णूनं सांगितलं, ठेवतो. दारात चप्पल काढून माणसं म्हणायची, "मोबाईलवर बघून आलोय अण्णा." 'नाव ऐकून आलोय' असं पुन्हा कुणीच म्हटलं नाही. मष्णू मान हलवायचा आणि मालुबाईला चहाची हाक मारायचा. पहिल्यासारखी मोठ्यानं नाही.

संक्रांतीच्या आधी तो सांबऱ्याला गेला. सौम्या बेंगळूरला, जयाबाई एकटी. तिनं घोंगडं अंथरलं, चहा केला. चहा साखरेचा नव्हता, गुळाचा होता. मष्णूला गुळाचा लागतो, हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. फोन कोनाड्यात होता, चार्जरला लावलेला. हिरवा ठिपका जळत होता.

"कामं हैत काय, भावजी?" तिनं विचारलं.

"हैत. तुझ्या पोरीनं केलं सगळं."

जयाबाईनं मान हलवली. थोड्या वेळानं कोनाड्याकडं बघत म्हणाली, "आता वाजत न्हाय त्यो."

मष्णूनं कप खाली ठेवला.

"आधी वाजला की जिवाला लागायचं. वाटायचं, आता उठतील, अंगणात जातील. उचलायचं धाडस हुईना. आता सगळी तुम्हासनीच करत्यात. बरं झालं म्हणा." तिनं कप उचलले. "नुसतं घर लई गप झालंय."

परत येताना स्टँडवर त्यानं खिशातनं फोन काढला. महादेवाचे ते दहा आकडे दाबले. कानाला लावला. पलीकडं घंटी वाजायला लागली, वाजत राहिली, आणि आपली आपण थांबली. तो एस्टीत चढला.

तेव्हापासनं शेडला सुट्टी असते त्या दिवशी, जेवणाच्या वेळेला, सांबऱ्याच्या त्या कोनाड्यात फोन वाजतो. जयाबाई हातातलं काम थांबवते. उचलत नाही. पूर्ण वाजू देते. मष्णूही तेवढा वेळ कानाला लावून बसतो. ती उचलेल, अशी त्याला भीतीच वाटते. उचलला तर काय बोलायचं, ते त्याला अजून जमलेलं नाही.